नाण्याचं माहेर कसं शोधायचं: सराफाच्या काट्यापासून प्रयोगशाळेपर्यंत

माझे आजोबा गलाईवाले. विटा, आटपाडी, खानापूर या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली, त्यांतले ते एक. त्यांचं निम्मं आयुष्य मदुरैत गेलं. यात्रेला गावी आले की मूस (धातू वितळवायचं भांडं), तेजाब (ॲसिड) आणि सवागीच्या (टाकणखाराच्या) गोष्टी सांगायचे. एकदा एका सराफानं त्यांच्यापुढं परातभर जुनी चांदीची नाणी आणून ओतली. आजोबांनी ती आटवली आणि संध्याकाळपर्यंत लगड तयार झाली. नाण्यांवर काय होतं, असं मी विचारलं, तर ते त्यांना आठवेना. "टंच मात्र चांगला होता. ब्याण्णवच्या वर," एवढंच म्हणाले. टंच म्हणजे धातूची शुद्धता, शेकडा किती ती.

तेव्हा मला फार वाईट वाटलं. ती नाणी गेली, अजूनही वाटतं. पण पुढं नाण्यांच्या नादाला लागल्यावर आजोबांच्या उत्तरातली दुसरी बाजू कळली. नाण्यावरची अक्षरं विसरूनही त्या माणसाला धातू लक्षात राहिला होता. नाण्याच्या अंगावरचा लेख एक आणि अंगातला लेख दुसरा. हा दुसरा लेख कसा वाचायचा, त्यासाठी काय लागतं आणि नवखा माणूस कुठं चुकतो, ते क्रमानं लिहितो. सातारा-सांगलीकडच्या संग्राहकांना आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवलं आहे, म्हणून उदाहरणंही बरीचशी आपल्याच मुलखातली आहेत.

पहिली पायरी: 'मूळ' म्हणजे नेमकं काय, ते ठरवा

'हे नाणं कुठलं?' या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले असतात. धातू कुठल्या खाणीतला? नाणं कुठल्या टाकसाळीत पाडलं? आणि ते सापडलं कुठं? खाण हे नाण्याचं माहेर, टाकसाळ हे सासर, आणि सापडलेली जागा म्हणजे शेवटचा मुक्काम. तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून हजारो मैल लांब असू शकतात. नवख्यांच्या बहुतेक चुका या तिघांची सरमिसळ केल्यानं होतात.

नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी इथं १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी होती आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला होता. नाणी वितळवलीच नव्हती. नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहनांचा डोंगर आणि उज्जैनीचं चिन्ह उमटवलं होतं. आता अशा नाण्याचं रासायनिक विश्लेषण करून कुणी 'सातवाहनांची चांदी अशी होती' असं लिहिलं, तर ते चूक ठरेल. ठसा सातवाहनांचा असला, तरी चांदी क्षत्रपांची आहे.

मिरजेचंही पाहा. फारसीत मिरजेला मुर्तजाबाद म्हणत आणि त्या नावानं मराठेशाहीत रुपये पाडले गेले. मराठ्यांच्या बहुतेक टाकसाळींतले रुपये मोगल बादशहाच्या नावानंच निघत. म्हणजे नाव दिल्लीचं, टाकसाळ मिरजेची आणि चांदी कदाचित समुद्रापलीकडची.

आपल्या भागासाठी तर ही पायरी फार महत्त्वाची आहे. सह्याद्रीपासून माणदेशापर्यंत आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. त्यात सोन्याची, चांदीची किंवा शिशाची खाण नाही. तांब्याचीही नाही. म्हणून कराडच्या किंवा कोल्हापूरच्या जुन्या वस्तीत सापडलेलं शिशाचं सातवाहन नाणं असो की साताऱ्याच्या बाजारात फिरलेली शिवराई (मराठेशाहीतला तांब्याचा पैसा) असो, तिचा धातू परमुलखातूनच आला आहे. तो कुठल्या वाटेनं आला, हे शोधणं मला या साऱ्या उद्योगातलं सर्वांत मोलाचं काम वाटतं.

दुसरी पायरी: जागा लिहा, नाण्याला हात लावू नका

नाणं सापडल्या दिवशीच लिहून ठेवा: गाव, शिवार, किती खोल, मडक्यात होतं की सुटं, सोबत खापरं-मणी होते का. शेताच्या बांधावर मडक्यात मिळालेल्या नाण्यांची जागा बोलते. संगम माहुलीला, कराडच्या प्रीतिसंगमावर किंवा हरिपूरच्या घाटाखाली मिळालेल्या सुट्या नाण्याची जागा फारसं बोलत नाही. तिथं पिढ्यानपिढ्या लोकांनी नदीला पैसे वाहिले आहेत आणि कृष्णेच्या पुरानं ते हलवलेही आहेत. 'नदीत मिळालं' ही नोंदसुद्धा करायची, कारण पुढं पृष्ठभागाचं विश्लेषण करताना तिचा उपयोग होतो.

इथंच कायद्याचंही सांगतो. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावशेषात येतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. 'परदेशातल्या लॅबला कुरिअर करतो' असं कुणी सुचवलं, तर तिथंच थांबा.

आता स्वच्छतेबद्दल. मी कॉलेजात असताना एक सुंदर शिवराई चिंच-मीठ लावून घासली. 'श्री राजा शिव' ही अक्षरं लखलखली, पण शंभर-दोनशे वर्षांत जमलेला थर धुऊन गेला. त्या थरात मातीतले क्षार होते आणि गंजाची नैसर्गिक घडण होती. नाणं खरंच जमिनीत राहिलं होतं की कुणी परवा ॲसिडमध्ये बुडवून जुनं केलं, हे त्याच थरातून कळतं. ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात 'स्पॉन्सियन' नावाच्या रोमन सम्राटाचं एक सोन्याचं नाणं आहे. ते कितीतरी वर्षं बनावट समजलं जायचं. २०२२ मध्ये संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्याची झीज, ओरखडे आणि खाचांतली माती पाहून ते अस्सल असावं असं मांडलं. सगळे तज्ज्ञ हे मान्य करत नाहीत. पण हा वाद उभा राहू शकला, तो कुणी नाण्याच्या खाचा घासून काढल्या नव्हत्या म्हणून.

ऊर्ध्वपातित पाण्यात सैल माती भिजवून मऊ कुंचल्यानं काढायची, इतकंच करा. शिशाच्या नाण्याला तर पाणीही नको.

तिसरी पायरी: वजन, माप, फोटो आणि ठसा

यात फार काही सांगण्यासारखं नाही, फक्त टाळू नका. वजन, व्यास, जाडी, दोन्ही बाजू एकमेकींशी किती कोनात आहेत, आणि तिरप्या उजेडात काढलेले दोन्ही बाजूंचे फोटो. आहत नाणं (चिन्हं ठोकलेलं प्राचीन चांदीचं नाणं) असेल तर पूर्ण वजन साधारण ३.४ ग्रॅमच्या आसपास, शिवकालीन होन (सोन्याचं नाणं) २.८ च्या जवळपास, रुपया ११ ग्रॅमच्या पुढं. एकाच ठशातून निघालेली दोन नाणी ओळखता आली, तर ती एकाच टाकसाळीची हे जवळजवळ पक्कं झालं. टाकसाळ ठरवायला आजही ठशाइतकं भरवशाचं साधन नाही आणि कुठलंही यंत्र त्याची जागा घेत नाही. म्हणून शिवराईचे प्रकार, दुदांडी कशाला म्हणतात, अक्षरांची वळणं कशी बदलली, हे आधी डोळ्यांनी शिका. सातारचं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय, कोल्हापूरचं टाऊन हॉल संग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरीची मुद्राशास्त्र संशोधन संस्था, या ठिकाणी काढलेला एकेक दिवस कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त शिकवतो.

चौथी पायरी: घनता

घरच्या घरी होणारी ही खरी पहिली शास्त्रीय चाचणी. नाण्याला इजा नाही, खर्च नाही. फक्त काटा चांगला हवा.

कृती अशी. आधी नाण्याचं कोरडं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक नायलॉनच्या दोऱ्यानं वरून टांगून पाण्यात पूर्ण बुडवा. ते तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. आता काट्यावर जो आकडा येईल, तितकं पाणी नाण्यानं बाजूला सारलं. कोरड्या वजनाला या आकड्यानं भागा, की घनता आली. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब टाकला की नाण्याला बुडबुडे चिकटत नाहीत. एक बुडबुडासुद्धा उत्तर बिघडवतो.

शुद्ध धातूंचे आकडे पाठच करा: सोनं १९.३, शिसं ११.३४, चांदी १०.४९, तांबं ८.९६, कथील ७.३, जस्त ७.१.

समजा ११.४० ग्रॅमचा रुपया आहे आणि पाण्यातला आकडा १.१० आला. घनता १०.३६. चांदीत तांबंच मिसळलं आहे असं धरलं, तर चांदी साधारण ९३ टक्के. पण घाई करू नका. किराणा दुकानात मिळणारा छोटा डिजिटल काटा ०.०१ ग्रॅमपर्यंतच मोजतो. म्हणजे खरा आकडा १.०९ ते १.११ यांत कुठंही असेल आणि घनता १०.२७ ते १०.४६. चांदीच्या भाषेत सांगायचं, तर ८७ टक्के ते ९८ टक्के! या उत्तराचा काही उपयोग नाही. तोच रुपया सराफाच्या एक मिलिग्रॅमच्या काट्यावर मोजला, तर उत्तर ९२ ते ९३ टक्क्यांच्या आत येतं. होनाचं तर आणखी अवघड. २.८ ग्रॅमचा होन साध्या काट्यावर पाण्यात ०.१४ किंवा ०.१५ दाखवेल. पहिल्या आकड्यानं घनता २०, म्हणजे शुद्ध सोन्याहून जड. दुसऱ्यानं १८.७. म्हणून ओळखीच्या सराफाकडे दुपारच्या निवांत वेळी जा, पेला आणि दोरा घेऊन. आमच्याकडच्या सराफांना या प्रयोगाचं कौतुक असतं, नाही म्हणत नाहीत.

मर्यादाही लक्षात ठेवा. धातू दोनच असतील तरच हे गणित चालतं. टंगस्टनची घनता १९.२५ आहे, सोन्याला अगदी चिकटून. त्यामुळं सोन्याच्या नाण्याला घनतेनं अस्सलपणाचा दाखला देऊ नका. गंजानं पोखरलेलं तांबं, पोटिन (तांबं, कथील आणि शिसं यांचं मिश्रण) किंवा शिसं यांना ही चाचणी लागूच पडत नाही.

पाचवी पायरी: एक्सआरएफ

एक्सआरएफ म्हणजे क्ष-किरण प्रतिदीप्ती. यंत्रातून क्ष-किरण नाण्यावर पडतात, नाण्यातलं प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ऊर्जेचे क्ष-किरण परत टाकतं आणि त्यावरून यंत्र कुठला धातू किती, ते सांगतं. मिनिटभराचं काम, नाण्याला ओरखडाही नाही. सांगली, सातारा, विटा, कराड, कुठंही हॉलमार्किंग सेंटर असेल तिथं हे यंत्र असतं. म्हणून नवख्यांचा यावर फार विश्वास बसतो. मला इथं जरा थांबून बोलायचं आहे.

एक्सआरएफ नाण्याचं फक्त कातडं पाहतं. चांदी-तांब्याच्या नाण्यात किरण मिलिमीटरच्या काही शतांश भागापुरतेच उपयोगी पडतात. आणि जुन्या हिणकस चांदीच्या नाण्याचं कातडं त्याच्या पोटासारखं नसतं. जमिनीत शेकडो वर्षं पडून वरच्या थरातलं तांबं झिरपून गेलेलं असतं आणि चांदी मागं राहते. शिवाय कित्येक टाकसाळींत चकती ठसा मारण्याआधी तापवून आंबट द्रावात टाकत. आपला सोनार हिणकस चांदीच्या दागिन्याला उजाळा देतो, तोच प्रकार. वरचं तांबं खाल्लं जातं, चांदी पांढरी दिसते आणि यंत्रही फसतं.

हे किती महागात पडतं, ते रोमन नाण्यांवरून कळलं. सम्राट नीरोनं इसवी सन ६४ मध्ये दिनार या चांदीच्या नाण्यातली चांदी घटवली. पृष्ठभागावरच्या मोजमापांवरून ती ९३ टक्क्यांच्या आसपास उरली असं मानलं जायचं. केविन बुचर आणि मॅथ्यू पॉन्टिंग यांनी नाण्याच्या कडेतून बारीक ड्रिलनं आतला धातू काढून तपासला, तर सुधारित दिनारमध्ये चांदी ८० टक्क्यांच्या आसपास निघाली. एका साम्राज्याच्या तिजोरीचा हिशेबच बदलला.

मग यंत्राकडे जाताना काय करायचं? एक, नाण्यावरचा एकच बिंदू तपासू नका. दोन्ही बाजूंना मिळून पाच-सहा ठिकाणी घ्या, शक्यतो झिजलेल्या उंचवट्यांवर आणि कडेवर. आकडे एकमेकांपासून फार लांब आले, तर तेच लिहून ठेवा. ती चूक नसते, तीही माहितीच असते. दोन, हॉलमार्किंगचं यंत्र सोन्याच्या दागिन्यांसाठी लावलेलं असतं. त्याच्या यादीत नसलेलं मूलद्रव्य ते दाखवतच नाही आणि उरलेल्यांची बेरीज शंभर करून मोकळं होतं. म्हणून टक्क्यांच्या पावतीवर समाधान मानू नका, स्पेक्ट्रमचा आलेख मागा. तीन, शिसं आणि आर्सेनिक यांची मुख्य रेघ ऊर्जेच्या पट्टीवर जवळपास एकाच जागी येते. शिसंमिश्रित सातवाहन पोटिन नाण्यात यंत्रानं आर्सेनिक दाखवलं, तर त्यावर लगेच प्रबंध लिहू नका. चार, शिसं तांब्यात विरघळत नाही, थेंबाथेंबांनी विखुरलेलं राहतं. त्यामुळं पोटिनवर एका ठिकाणी शिसं ८ टक्के आणि शेजारी १९ टक्के असं होऊ शकतं.

इतकं सांभाळून मिळालेले आकडे खूप काही सांगतात. पितळ घ्या. तांबं आणि जस्ताची खनिज माती एकत्र भट्टीत घालून पितळ करण्याच्या जुन्या पद्धतीत जस्त २८-३० टक्क्यांच्या पुढं सहसा जात नाही. राजस्थानात जावरला जस्ताचं मोठ्या प्रमाणावर ऊर्ध्वपातन सुरू झालं, ते मध्ययुगात. तेव्हा 'सातवाहन' म्हणून विकायला आलेल्या पिवळ्या नाण्यात ३७ टक्के जस्त निघालं, तर ते नाणं परत करा. तांबं ९९.९ टक्के स्वच्छ निघालं, तरी शंका घ्या. विजेनं शुद्ध केलेलं तांबं आधुनिक काळाचं. जुन्या तांब्यात शिसं, आर्सेनिक, निकेल, अँटिमनी असं काहीतरी चिकटलेलं असतंच.

चांदीचं गणित आजोबांच्या धंद्यातूनच मला नीट समजलं. चांदी शुद्ध करण्याची प्राचीन रीत म्हणजे तिच्यात शिसं घालून हाडांच्या राखेच्या खोलगट मुशीत तापवायची. शिशाची राख होते, ती बाकीचे हिणकस धातू घेऊन मुशीत मुरते आणि चांदीचा गोळा उरतो. पण दोन गोष्टी या आगीतून सुटतात. थोडं शिसं आणि बिस्मथ मागं राहतं. आणि खाणीतल्या चांदीत सोन्याचा अंश असेल, तर तो जसाच्या तसा राहतो, कारण शिसं सोन्याला हात लावत नाही. सोनं वेगळं काढायला तेजाब लागतं. म्हणून जुन्या चांदीत अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर सोनं सापडतं आणि ते प्रमाण कधीकधी खाणींच्या गटाकडे बोट दाखवतं. ज्या 'प्राचीन' चांदीत ना सोनं, ना शिसं, ना बिस्मथ, ती बहुधा आजच्या बाजारातली.

सहावी पायरी: शिशाचे समस्थानिक

आतापर्यंत 'काय आहे' हे कळलं. 'कुठल्या खाणीतलं' याच्या जवळ नेणारी मुख्य वाट ही आहे, आणि ती कळली की नाणं हातात घेताना अंगावर काटा येतो.

समस्थानिक म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू. निसर्गात शिशाचे असे चार भाऊ आहेत: वजन २०४, २०६, २०७ आणि २०८. पहिला पृथ्वीच्या जन्मापासून तितकाच आहे. बाकीचे तीन वाढत जातात, कारण युरेनियमचा ऱ्हास होऊन २०६ आणि २०७ बनतात आणि थोरियमपासून २०८. खडकांतून शिसं वेगळं होऊन खनिजात साठलं, की त्याची युरेनियमपासून ताटातूट होते आणि वाढ थांबते. चारही भावांचं त्या क्षणीचं प्रमाण कायमचं गोठतं. अब्जावधी वर्षांपूर्वी गोठलेल्या खनिजात २०६ चं प्रमाण कमी, अलीकडे बनलेल्या खनिजात जास्त. अरवलीतल्या आगुचा आणि राजपुरा-दरीबा इथलं शिसं सुमारे १८० कोटी वर्षं जुनं आहे आणि तिथं २०६ आणि २०४ चं गुणोत्तर १६ च्या आसपास येतं. ग्रीसमधल्या लॉरियनच्या चांदीच्या खाणीत ते १८.८ च्या जवळ आहे. हा फरक यंत्राला सहज दिसतो.

याहून मोठी गोष्ट म्हणजे भट्टी हे प्रमाण बदलत नाही. धातू वितळवा, ठोका, नाणं पाडा, पुन्हा आटवा. टंच बदलेल, पण भावांची आपसातली वाटणी तशीच राहील. आणि चांदी-तांब्यात शिशाचा नुसता अंश असला तरी पुरतो. २०११ मध्ये ॲन-मारी देझोल्टी आणि सहकाऱ्यांनी स्पॅनिश नाण्यांतल्या शिसं, तांबं आणि चांदी या तिन्ही धातूंचे समस्थानिक मोजून मेक्सिकोची चांदी आणि बोलिव्हियातल्या पोटोसीची चांदी वेगळी ओळखून दाखवली. आपल्याकडे बंगळुरूच्या शारदा श्रीनिवासन यांनी शंभराहून अधिक दक्षिण भारतीय धातुमूर्तींवर अशाच पद्धतीनं काम केलं आणि मूर्तींचे काळानुसार गट पाडले.

आता आपल्या भागाचा विचार करा. डेक्कन कॉलेजनं १९४५-४६ साली कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन केलं. विळिवायकुर, शिवलकुर अशी नावं असलेली धनुष्यबाणाच्या चिन्हाची शिशाची नाणी याच परिसराची ओळख आहेत. ते शिसं आंध्रातल्या अग्निगुंडाळाच्या बाजूचं, अरवलीचं, की रोमन व्यापाराच्या जहाजातून कोकणच्या बंदरात उतरलेलं? शिवराईचं तांबं राजस्थानातलं, की डच कंपनीनं जपानहून आणून विकलेलं? सतराव्या शतकात जपानी तांबं भारतात मोठ्या प्रमाणावर येत होतं. हे प्रश्न या चाचणीनं विचारता येतात.

विचारता येतात असं म्हणतो, कारण उत्तराचा स्वभाव समजून घ्यायला हवा. ही चाचणी 'नाही' पक्कं सांगते आणि 'हो' कच्चं. गुणोत्तर १८.८ आलं, तर शिसं आगुचाचं नाही, हे ठाम. पण ते लॉरियनचंच आहे असं होत नाही, कारण तशाच वयाच्या दुसऱ्या खाणीतही तेच प्रमाण असू शकतं. शिवाय मिसळ झाली की संपलं. दोन खाणींची चांदी एका मुशीत गेली, तर आकडा मधोमध येतो, आणि त्या मधल्या आकड्याची तिसरीच एखादी खाण जगात असते. आजोबांच्या परातीतल्या नाण्यांचं तेच झालं. लगडीतलं शिसं आजही मोजता येईल, पण ते एकाही खाणीचं खरं नाव सांगणार नाही.

म्हणून एकट्या नाण्यावर ही चाचणी करू नये. एकाच प्रकारची वीस-पंचवीस नाणी घेतली आणि त्यांचे बिंदू आलेखावर एका ठिकाणी गोळा झाले, तर धातू एका ठिकाणाहून येत होता असं म्हणता येतं. बिंदू सरळ रेषेत पसरले, तर बहुधा दोन स्रोतांची मिसळ आहे. सगळीकडे विखुरले, तर टाकसाळीत मोड (जुन्या धातूचं सामान) आटवली जात होती. हे तिसरं उत्तरही इतिहासच सांगतं.

नमुना लागतो तो काही मिलिग्रॅमच, पण कडेला बारीक छिद्र पाडावं लागतं. हे काम स्वतः करू नका. समस्थानिक मोजणारी यंत्रं हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था किंवा अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा अशा मोजक्याच ठिकाणी आहेत, आणि तिथं टपालानं नाणं पाठवून काम होत नाही. वाट अशी: तुमच्याकडे एकाच प्रकारच्या, जागेची नोंद असलेल्या नाण्यांचा गट असेल, तर तो घेऊन विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाशी किंवा डेक्कन कॉलेजशी बोला. जागेची नोंद नसलेल्या पन्नास नाण्यांपेक्षा नोंद असलेली दहा त्यांना जास्त हवी असतात.

सातवी पायरी: वही आणि डबी

प्रत्येक नाण्याला क्रमांक द्या आणि वहीत तीन वेगळे रकाने पाडा: खाण, टाकसाळ, सापडलेली जागा. प्रत्येक रकान्यात उत्तरासोबत ते कशावरून, हे लिहायचं: 'ठशावरून', 'घनतेवरून', 'विक्रेत्याच्या सांगण्यावरून'. यंत्राचे सगळे आकडे लिहा, सरासरी नको. कुठल्या सेंटरमधलं यंत्र, कुठल्या तारखेला, नाण्याच्या कुठल्या बाजूला किरण पाडले, तेही लिहा.

शिशाची नाणी लाकडी कपाटात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नका. लाकडातून निघणाऱ्या आंबट वाफेनं त्यांवर पांढरी भुकटी येते आणि काही वर्षांत नाणं तिच्यातच विरतं. ती भुकटी विषारी आहे, नाणी हाताळल्यावर हात साबणानं धुवा आणि मुलांपासून डबी लांब ठेवा. साध्या पॉलिथिलीनच्या पिशव्या आणि प्लास्टिकचा घट्ट डबा पुरतो.

माझ्या वहीत आज ४१ नाणी आहेत. सापडलेल्या जागेचा रकाना त्यांतल्या नऊ नाण्यांपुढंच भरलेला आहे, टाकसाळीचा सतरांपुढं. दोघांपुढं लाल शाईनं 'आधुनिक पितळ' असं लिहिलं आहे. खाणीचा रकाना अजून सगळा कोरा आहे, पण नऊ जागा नोंदलेल्यांपैकी सहा शिवराया एकाच गावच्या एकाच मडक्यातल्या आहेत, आणि आणखी दहा-बारा कुणा नातेवाइकाकडे आहेत असं त्या घरातल्या काकूंनी सांगितलंय. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे जायचं आहे, काटा आणि वही घेऊन.